फिल्टरच्या आतली बाजू

वालधुनीच्या पुलावर गाडी बंद पडली, आणि तीही नेमकी मधोमध.

प्रीतीने नाकावर ओढणी दाबली. खाली नाल्याचं पाणी त्या दिवशी जांभळट होतं, त्यावर करडा फेस साचला होता आणि वास थेट घशात उतरत होता. मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता. पप्पांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, आरपीएमचा काटा वर उडाला, खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि धाप लागल्यासारखी थरथरून गाडी परत गप्प झाली.

"रेस देत राहा," प्रीती ओढणीतून म्हणाली.

"देतोच आहे. पाय काढला की मरते."

"मग काढू नका."

"आणि ब्रेक कशाने मारू, डोक्याने?"

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "उतरा आणि ढकला. इथे अजून दोन मिनिटं बसले तर मला उलटी होईल."

ते तिघे बदलापूरहून कल्याणला निघाले होते, पप्पांच्या तोंडाच्या तपासणीसाठी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा निघाला होता. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर सरळ सांगितलं, अजून कॅन्सर नाही, तंबाखू सोडली नाही तर होईल, आणि दर सहा महिन्यांनी येऊन तोंड दाखवायचं. पप्पांनी त्याच दिवशी पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. बुद्ध पौर्णिमेला हेंद्रेपाड्याच्या विहारात सगळ्यांसमोर उभं राहून ते म्हणाले, नशा न करण्याच्या पाचव्या शीलात माझ्यापुरती तंबाखूसुद्धा आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई रडली.

त्यानंतर ते एकदाच तपासणीला गेले. पुढच्या दोन्ही वेळा गाडी बंद पडली. ट्रेनमध्ये उभं राहिलं की कंबर धरते, रिक्षात हाडं मोडतात, असं पप्पांचं म्हणणं. आणि ज्याची स्वतःची टूरिस्ट गाडी आहे त्याने डॉक्टरकडे रिक्षातून का जावं, हाही त्यांचा मुद्दा. गाडी नीट झाली की लगेच जाऊ, असं ठरायचं. गाडी नीट व्हायची, धंद्याला लागायची आणि तपासणीची तारीख आली की पुन्हा रुसायची.

या वेळी प्रीतीने मनात घेतलं होतं की गाडीचं दुखणं मुळापासून शोधायचं. ती बी.एस्सी. केमिस्ट्री, अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. एखादी तक्रार एकदा आली तर योगायोग, पुन्हा पुन्हा आली तर तिला कारण असतं, एवढं ती पगार घेऊन शिकली होती.

ढकलत ढकलत त्यांनी गाडी पुलावरून खाली आणली आणि तिथून रेस देत देत उल्हासनगर कॅम्प चारमध्ये महेशच्या गॅरेजला. महेश पप्पांचा ठरलेला मेकॅनिक. गॅरेज म्हणजे एक शटर, पुढे रस्त्याचा तुकडा आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी अर्ध्या उंचीपर्यंत लाल झालेला कोपरा. प्रीती त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"या काका. परत तेच काय?" महेशने बोनेट उघडलं. "गॅसचा लोचा असणार. सेटिंग करून देतो."

"पेट्रोलवर टाकून बघितली, महेशदादा," प्रीती म्हणाली. "पेट्रोलवरही बंद पडते. म्हणजे गॅसचा संबंध नाही."

"मग प्लग."

"प्लग तुम्हीच मागच्या महिन्यात बदललेत."

महेश पप्पांकडे बघून हसला. "काका, पोरगीला इथेच ठेवा. मी गावाला जातो."

"ठेवून बघ. दोन दिवसांत तुझं गॅरेज धुऊन काढायला लावेल," पप्पा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. तिने महेशच्या फळीवरचा, इंजिनाची घाण काढायचा स्प्रे उचलला, इंजिन चालू करायला लावलं आणि हवेच्या नळ्यांच्या प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा मारून बघितला. नळीला कुठे चीर असती तर स्प्रे आत ओढला गेला असता आणि काटा हलला असता. काटा आपल्याच तालात वर-खाली होत राहिला. नळ्या धड होत्या.

"थ्रॉटलमध्ये घाण बसते, ताई," महेश शेवटी म्हणाला. "पाय काढल्यावर इंजिनाला बारीकशी हवा लागते, तेवढीच फट असते. ती घाणीने बुजली की गाडी स्लोवर राहत नाही. साफ केली की महिनाभर मक्खन."

"महिनाभरच का? बाकीच्या गाड्या दोन-दोन वर्षं जातात."

"जुनी झाली गाडी."

"जुनी झाली तर धूर येईल. ऑइल कमी होईल. दोन्ही नाही."

महेश थ्रॉटलची नळी सोडवायला वाकला. प्रीतीही वाकली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही बाहेर बसा ना, कपडे खराब होतील." पप्पाही लगेच म्हणाले, "हो, चहा घे जा. आईला पण घेऊन जा." दोघांना एकदम तिच्या कपड्यांची काळजी वाटली, याचं तिला तेव्हा नवल वाटलं, पण विठ्ठलवाडीच्या बाजूने वारा सुटला होता, नाल्याचा वास तिथवर येत होता, आणि आईचा चेहरा खरंच उतरला होता. ती गेली.

परत आली तेव्हा काम झालं होतं. बाकड्यावर पुसून टाकलेला चिंधीचा बोळा पडला होता. तिने तो दोन बोटांनी उचलला. थ्रॉटलची घाण काळी असते, तेल आणि काजळी मिळून डांबरासारखी. ही तपकिरी होती. घट्ट, चिकट, खोकल्यातून पडावी तशी, आणि तिच्यात बारीक बारीक तुसं होती.

"हे मी नेते," ती म्हणाली. "आणि या ढिगातली एक कोरी चिंधी."

"कशाला?" पप्पांनी विचारलं.

"बघायला."

"काय बघायचंय त्यात? घाण ती घाण." ते आईकडे वळले. "तुझी पोरगी आता माझ्या गाडीची शी तपासणार."

कल्याणला जायची वेळ टळून गेली होती. डॉक्टर रविवारी दुपारपर्यंतच बसायचे. ते परत बदलापूरला आले. गाडी वाटेत एकदाही बंद पडली नाही.

संध्याकाळी प्रीती स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसली. बोळ्याला पेट्रोलचा आणि स्प्रेचा वास इतका होता की दुसरं काही कळत नव्हतं. तिने त्याचा तुकडा एका वाटीत पाण्यात भिजवला, कोऱ्या चिंधीचा तुकडा दुसऱ्या वाटीत. लॅबमधून लिटमसच्या पट्ट्या आणायला उद्याचा दिवस उजाडला असता, म्हणून तिने पांढऱ्या कागदावर हळद चोळली आणि दोन्ही पाण्यांचा एकेक थेंब टाकला. कोऱ्या चिंधीच्या थेंबाखाली हळद पिवळीच राहिली. दुसरा थेंब बघता बघता लाल झाला.

"काय गं, कुंकू करतेस?" आई भाकरी थापता थापता म्हणाली.

"चुन्यासारखं काहीतरी आहे. इंजिनात चुना कुठून येईल?"

पप्पा ताटावर बसले होते. ते पटकन म्हणाले, "सिमेंट. समोर टॉवरचं काम चालू आहे ना. रोज गाडीवर थर असतो. सिमेंटच ते."

सिमेंटनेही हळद लाल झाली असती, हे खरं होतं. प्रीतीने मान डोलावली. एवढं मात्र तिच्या लक्षात आलं की तिने प्रश्न पुरता विचारायच्या आधीच उत्तर आलं होतं. पप्पा भाकरी आमटीत पार कुस्करून, चिमटीएवढे घास करून ओठांतून आत सारत होते. आमटी हनुवटीवर ओघळत होती.

"असं काय खाताय, लहान पोरासारखं?" आई म्हणाली.

"दाढ दुखते."

प्रीतीने नजर दुसरीकडे वळवली. तिला कुणाच्याही तोंडातून बाहेर येणाऱ्या अन्नाकडे बघवत नसे.

सिमेंट तिला आठवडाभर पटलं आणि पटलं नाही. सिमेंट करडं असतं, तपकिरी नाही. सिमेंटला तुसं नसतात. आणि सगळ्यात अवघड गोष्ट, इंजिनात जाणारी हवा आधी फिल्टरच्या कागदातून जाते. एवढं सिमेंट आत जायचं तर कागद फाटलेला हवा. फाटला असता तर महेशने नवा फिल्टर नक्की गळ्यात मारला असता. त्याने फिल्टरचं नावही काढलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आई-पप्पा पांढरे कपडे करून विहारात वंदनेला गेले. गाडी बिल्डिंगच्या आवारात उभी होती आणि या वेळी महिना न लोटताच, चार दिवसांपासून पुन्हा गुरगुरायला लागली होती. प्रीतीने जुना पंजाबी ड्रेस चढवला, हातमोजे घातले आणि बोनेट उघडलं.

फिल्टरचा डबा वरच होता. झाकणाच्या चार क्लिपांपैकी मागच्या दोन धुळीने माखल्या होत्या. पुढच्या दोन लख्ख होत्या, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या.

तिने झाकण उचललं आणि फिल्टर बाहेर काढला. त्याची बाहेरची बाजू, जिथून रस्त्याची हवा येते ती, करडी होती. सिमेंट, धूळ, एक मेलेली गांधीलमाशी. तिने कागद उन्हात धरून बघितला. एकही भोक नव्हतं. मग तिने फिल्टर उलटा केला. आतली बाजू, जी पांढरी असायला हवी, तिच्या घड्यांत तपकिरी भुसा बसला होता.

सिमेंट बाहेरच अडलं होतं, जिथे अडायला हवं तिथे. आतला भुसा फिल्टरमधून आलाच नव्हता. तो पहिल्यापासून आत होता. म्हणजे कुणीतरी ठेवला होता.

तिने झाकणाच्या पोकळीत हात घातला. इंजिनातून तेलाची वाफ परत आणणारी नळी जिथे उघडते, त्या कोपऱ्यात बोटांना काहीतरी ओलसर, मऊ लागलं. तिने ते बाहेर ओढलं.

तंबाखूची पुडी होती. प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबर लावलेली. हवेच्या ओढीने आणि हादऱ्यांनी तिची एक बाजू चिरली होती आणि त्या चिरेतून तंबाखू इंजिनाकडे निघाली होती. सोबत चुन्याची ट्यूब, झाकण अर्धवट, तोंडाशी पांढरी खपली धरलेली. पिशवी तेलाच्या वाफेने बुळबुळीत झाली होती. आतली पानं तेलाने काळपट पडून एकमेकांना चिकटली होती. प्रीतीने हातमोजा नाकाजवळ नेला. जळक्या ऑइलचा, कच्च्या पेट्रोलचा आणि तंबाखूचा असा मिळून एक वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते.

त्या वाफेत काय काय असतं हे तिला पाठ होतं. अशा द्रव्यांच्या बाटल्यांवर त्यांच्या लॅबमध्ये कवटी छापलेली असे. आणि पप्पा हे चिमटीने उचलून, चुना लावून, मळून त्या गालात धरत होते, ज्या गालातून डॉक्टरांनी तुकडा काढला होता. पान सुकं राहावं, धूळ बसू नये, पाऊस लागू नये, कुणी उघडू नये. गाडीतली सगळ्यात स्वच्छ जागा त्यांनी बरोब्बर निवडली होती.

तिने महेशला फोन लावला.

"महेशदादा, फिल्टरच्या डब्यात काय असतं ते तुम्हाला माहीत होतं."

पलीकडे हातोडीचा आवाज थांबला. "काका बोलले, घरी नको सांगू. भांडणं होतील. मी बोललो, माझं काय जातंय."

"थ्रॉटल साफ करताना पुडीचं काय करायचात?"

"बाजूला काढून ठेवायचो."

"आणि मग?"

"मग परत ठेवायचो, जिथली तिथे." त्याचा आवाज जरा दुखावल्यासारखा झाला. "गिऱ्हाइकाची वस्तू आहे, ताई. आपल्याकडे गाडीतली टाचणी इकडची तिकडे होत नाही."

प्रीतीने फोन ठेवला. यापेक्षा त्याने पुडीतली चिमूटभर स्वतः खाल्ली असती तर तिला कमी किळस आली असती.

मग तिने काम पुरं केलं. नळी सोडवली, थ्रॉटलच्या तोंडात टॉर्च धरला. गोल पाकळीच्या कडेने तपकिरी राळ साचली होती, ओली, चकाकणारी, आणि हवेची फट जवळजवळ मिटली होती. तिने स्प्रे मारला, जुन्या टूथब्रशने घासलं, पुसलं, परत मारलं. राळ ओघळून तिच्या मनगटावर आली. पितळी रंगाची पाकळी स्वच्छ दिसेपर्यंत ती थांबली नाही. पुडी आणि ट्यूब तिने वर्तमानपत्रावर ठेवली, नळी परत जोडली, फिल्टर झटकून बसवला, चारही क्लिपा लावल्या आणि चावी फिरवली. काटा वर गेला, खाली आला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. इंजिनाचा आवाज इतका संथ होता की वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

आई-पप्पा फाटकातून आले तेव्हा गाडी तशीच चालू होती.

"अरे वा," पप्पा म्हणाले, "केलंस की काय?" आणि मग त्यांना वर्तमानपत्र दिसलं.

आईलाही दिसलं. हातातली फुलांची पिशवी तिने पायऱ्यांवर ठेवली.

"ते उंदरांसाठी आहे," पप्पा म्हणाले. "वायर कुरतडतात. तंबाखूच्या वासाने येत नाहीत. सगळे ड्रायव्हर ठेवतात, विचार कुणालाही."

ठेवतात, हे खरं होतं. प्रीतीने पुडी कागदासकट उचलली आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यासमोर धरली.

"उंदरांना चुना पण लागतो, पप्पा?"

पप्पांनी सदरा मागे घेतला, डाग पडेल म्हणून.

"रोज नाही," ते म्हणाले. "लांबचं भाडं असलं की. झोप येते."

"आज सकाळी कुठलं भाडं होतं?" आईने विचारलं. "वंदनेला शेजारी उभी होते मी. मला वाटलं, अगरबत्तीचा वास आहे."

"तोंड उघडा," प्रीती म्हणाली.

"काय?"

"तोंड. डॉक्टर करून घ्यायचे तसं. तीन बोटं उभी आत घाला. तोंड धड असेल तर जातात."

"इथे, आवारात? लोक बघतायत."

"बघू दे."

पप्पांनी इकडे तिकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं जुळवून ओठांशी नेली, जसं काही चेष्टाच चालली आहे. बोटं दातांना अडली. त्यांनी एक बोट कमी केलं. दोन बोटंही वळवून, रेटून, अर्ध्या पेरापर्यंत गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गालाची कातडी ताणून पांढरी पडली होती आणि दातांच्या फटीतून तिला आतला तपकिरी थर दिसला, ओला, चकाकणारा. वास आला. ऑइलचा, पेट्रोलचा आणि तंबाखूचा मिळून तोच.

तिने मान फिरवली नाही. फिरवावीशी खूप वाटली.

"दाढ दुखते म्हणालात," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी रोज भाकरी मऊ करत होते."

पप्पांनी बोटं काढली आणि कुठे पुसावीत ते न कळून ती तशीच हवेत धरून ठेवली. प्रीतीने त्यांना स्वच्छ चिंधी दिली.

"डॉक्टर दुपारपर्यंत आहेत," ती म्हणाली. "बसा."

"कपडे तरी बदलू दे."

"बसा, पप्पा."

गाडी पप्पांनीच चालवली. त्यांना नाही म्हणायला कुणाला सुचलं नाही. आई मागे बसली, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली पुडी मांडीवर घेऊन. डॉक्टरांना दाखवायची म्हणून तिने ती हट्टाने बरोबर घेतली होती आणि चेहऱ्यापासून जमेल तितकी लांब धरली होती. बदलापूर गेलं, अंबरनाथ गेलं. काचा उघड्या होत्या, कारण बंद केल्या की तो वास गाडीत कोंडत होता.

वालधुनीच्या पुलावर वाहतूक तुंबली. पुढे टेम्पो, मागे रिक्षा. खाली पाणी आज हिरवट होतं. प्रीतीचा हात ओढणीकडे गेला आणि परत खाली आला. आतला वास बरा की बाहेरचा, हे तिला ठरवता आलं नाही.

पप्पांनी गिअर न्यूट्रलला टाकला. तिने बघितलं, त्यांनी ॲक्सिलेटरवरचा पाय हळूच उचलला, पूर्ण उचलून बाजूला ठेवला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते काट्याकडे बघत वाट पाहत राहिले.

काटा हलला नाही. इंजिन संथ, एकसारखं चालत राहिलं. पुढचा टेम्पो सरकला. मागून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"पप्पा," प्रीती म्हणाली, "चला."